मागे सरकायला जागा आहे का?

शुक्रवार, कोल्हापूर

निघायच्या दिवशी कॅमेऱ्याची बॅग कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन ठेवली. पाच किलो सहाशे. वाणी म्हणाला, "चारशेच कमी आहे, सहा पुरे करून देऊ?" त्यातला एक किलो मावशीसाठी घेतलेला गूळ होता, पण तो काढायचा प्रश्नच नव्हता. कोल्हापूरहून गूळ न घेता गिरगावात गेलो तर मावशी दारातूनच परत पाठवेल.

उरलेल्या साधारण साडेचार किलोत बॉडी, १०-२० चा वाइड झूम, ३५ आणि ५० च्या दोन छोट्या प्राइम (एकाच आकड्याच्या, झूम न होणाऱ्या लेन्स), ७०-३०० चा टेली, ट्रायपॉड आणि वायरींचा गुंता. हे आकडे फोकल लेंग्थचे, मिलिमीटरमध्ये: आकडा लहान तितकं चौकटीत जास्त मावतं, मोठा तितकं लांबचं जवळ येतं. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे, त्यातली चित्र टिपणारी पाटी मोठ्या, 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यातल्या पाटीपेक्षा लहान, म्हणजे या सगळ्या आकड्यांना दीडने गुणायचं. ३५ ची लेन्स माझ्याकडे फुल फ्रेमवरच्या ५० सारखी वागते आणि ५० ची ७५ सारखी. वाइडचा दहाचा आकडा ऐकायला दांडगा, प्रत्यक्षात पंधरा.

पाच दिवसांसाठी कागदावर यादीही केली होती. इमारतींना वाइड, माणसांना ५०, पक्ष्यांना टेली, बाकी सगळ्याला ३५. इतकी सुटसुटीत यादी मी आयुष्यात दुसरी केलेली नाही. ती घडी घालून पाकिटात ठेवली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या थ्री टायर एसीत बॅग उशाला घेऊन झोपलो.

शनिवार, सीएसएमटी आणि ओव्हल

गाडी सकाळी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच लावते, त्यामुळे पहिला फोटो ठरलेला होता. बाहेर आलो, वाइड लावली, डोळा लावला. सगळं पांढरं. रात्रभर एसीत गार झालेल्या काचेवर एप्रिलच्या मुंबईची दमट हवा बसली होती. शर्टाच्या टोकाने पुसलं, पुन्हा दव. पुढची काच, मागची काच, आरशापर्यंत सगळीकडे. आता कळतंय की गाडीतून उतरताना बॅग उघडायचीच नव्हती. चेन बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यायचा, म्हणजे आतलं सामान सावकाश बाहेरच्या तापमानाला येतं. तेव्हा मात्र मी रस्त्यापलीकडे महापालिकेच्या इमारतीखाली कठड्याला टेकून लेन्सवर फुंकर मारत बसलो होतो, म्हणजे त्यात आणखी दमट हवाच घालत होतो.

त्या वीस मिनिटांत बघायला मात्र भरपूर मिळालं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने या स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू केलं आणि ते पुरं व्हायला दहा वर्षं लागली. मी ज्या इमारतीला टेकलो होतो तीही त्याचीच, १८९३ ची. स्टेशनला २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. काच निवळल्यावर दहावर पहिला फोटो काढला. त्यात अर्धी चौकट डांबर, दोन बस, सात टॅक्सी, एक वाहतूक पोलीस, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी बाहुलीच्या घराएवढं सीएसएमटी. वाइडने सगळं मावतं हे खरं, पण सगळंच मावतं. जे नको ते आधी मावतं.

मग, यादीत नसताना, टेली काढली. घुमटाच्या टोकावर 'प्रगती'चा पुतळा आहे, उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. खालून नुसत्या डोळ्यांना ती एक रेघ दिसते. तीनशेवर तिच्या वस्त्राच्या चुण्या दिसल्या आणि मशालीच्या टोकावर बसलेला कावळाही. दिवसातला पहिला बरा फोटो इमारतीचा होता आणि टेलीने काढलेला होता. यादीतली पहिली ओळ सकाळी नऊच्या आत खोटी ठरली.

ऊन उतरल्यावर ओव्हल मैदान. राजाबाई टॉवरचा फोटो काढायला मुंबईत आलेला प्रत्येक माणूस एकच चूक करतो. जवळ जातो, वाइड लावतो, कॅमेरा वर करतो आणि टॉवर मागे झुकतो, जणू कुणी त्याच्या छातीवर हात ठेवून ढकललंय. मीही तेच केलं. मग मैदानातच बसून मोबाइलवर हिशोब मांडला. टॉवर सुमारे ८५ मीटर, म्हणजे २८० फूट. माझ्या सेन्सरची लांब बाजू साडेतेवीस मिलिमीटर. अंतर काढायचं तर उंची गुणिले फोकल लेंग्थ, भागिले सेन्सरची बाजू. उभ्या कॅमेऱ्यात ३५ ने टॉवर नेमका बसवायला सव्वाशे मीटर लागतात. पण कॅमेरा अजिबात वर न उचलता, सरळ रेषा सरळ ठेवायच्या असतील तर याच्या दुप्पट, कारण चौकटीचा खालचा अर्धा भाग मैदान खातं. २० वर हेच गणित जेमतेम दीडशे मीटरवर येतं.

मागे सरकत गेलो. एका सामन्याच्या कव्हरमधून दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये, तिथून तिसऱ्याच्या लाँग ऑनवर. ओव्हलवर एका वेळी किती सामने चालतात आणि कुठला क्षेत्ररक्षक कुणाचा, हे खेळणाऱ्यांना कसं कळतं देव जाणे. "ओ काका, साइट स्क्रीन झालाय का तुम्ही?" असं एकाने विचारलंही. मैदानाच्या जवळजवळ पश्चिम कडेला पोचलो, २० लावली, कॅमेरा सरळ धरला. टॉवर ताठ उभा. आणि जो खालचा अर्धा भाग वाया जाणार म्हणून मी कुरकुरत होतो, त्यात तीन सामने, एक धावबाद आणि लांब पडलेल्या सावल्या बसल्या. या टॉवरचा आराखडा करणारा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलाच नाही, इंग्लंडमध्ये बसून त्याने तो काढून दिला. १८७८ मध्ये पुरा झाला, प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. स्कॉट फारच मागे सरकला होता म्हणायचा.

पाठ वळवली की मैदानाच्या दुसऱ्या कडेला आर्ट डेकोच्या इमारतींची रांग. एका बाजूला गॉथिक, एका बाजूला आर्ट डेको आणि मध्ये क्रिकेट. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये वारसा यादीत गेल्या. गोल गच्च्या आणि आडव्या पट्ट्यांना ३५ छान बसली. पण तोवर ऊन गेलं होतं आणि माझे खांदेही.

रात्री मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिचा फोटो काढायचा प्रयत्न केला. ५० लावली तर पाठ कपाटाला टेकूनही तिचा फक्त चेहरा. ३५ ने कमरेपर्यंत. वाइड लावली तर पूर्ण मावशी आली, पण गुळाची ढेप धरलेला हात तिच्या डोक्याएवढा झाला. तिने स्क्रीन बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला.

"मी अशी दिसते?"

"नाही गं, लेन्समुळे."

"मग ती कशाला लावलीस मेल्या?"

खरं तर दोष लेन्सचाही नव्हता. दीड हातावरून बघितलं की जवळचा हात मोठाच दिसतो, डोळ्यांनाही तसाच दिसतो, आपला मेंदू तेवढं सांभाळून घेतो. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती आपण किती जवळ उभे आहोत त्यामुळे. वाइड फक्त इतक्या जवळ उभं राहायची मुभा देते. हे मला पुस्तकी माहीत होतं. मावशीला पटवता आलं नाही.

रविवार, दादर

पहाटेच्या स्लो लोकलने चर्नी रोडहून दादर. पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलं की फुलांचा बाजार पायाखालीच सुरू होतो. झेंडूचे ढीग, शेवंती, अ‍ॅस्टर, गुलछडी, ओल्या गोणपाटाचा वास, डोक्यावर पाट्या घेऊन "चला, चला, बाजू" करत घुसणारे हमाल. माणसं म्हणजे ५०, यादी सांगत होती. लावली.

इथे मीटरभर मोकळी जागा मिळाली तर ती श्रीमंती. मीटरभरावरून माझ्या ५० ला जेमतेम अर्धा मीटर रुंदी दिसते. एक कान, पाटीची कड, कुणाचं तरी कोपर. ३५ ला पाऊण मीटरला थोडं कमी, २० ला मीटरच्या वर. मागे सरकलो की मागच्या माणसाच्या पाटीला डोकं लागतं. म्हणून गर्दीतच, दोन टेम्पोंच्या मध्ये उभं राहून लेन्स बदलायला घेतली. ३५ चं मागचं झाकण दातात धरलं होतं. एका हमालाचा धक्का लागला, तोंडातून "अहो" निघालं आणि झाकण झेंडूच्या ढिगात. शोधलं. विक्रेत्याने शोधलं. त्याच्या पोराने दोन्ही हात ढिगात घालून शोधलं. रविवारी मुंबईत कुणाच्या तरी दाराच्या तोरणात निकॉनचं काळं झाकण लटकत असणार.

३५ मात्र मग दिवसभर उतरवलीच नाही. अजून उजाडलं नव्हतं, फुलांवर पिवळे दिवे. एफ १.८ उघडी ठेवून (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी, उजेड जास्त) सेकंदाच्या साठाव्या भागाचा शटर मिळत होता. या उजेडात माझ्या टेलीचं काही चाललं नसतं. तीनशेवर हात हलू नये म्हणून साडेचारशेव्या भागाच्या आसपासचा शटर लागतो आणि तिथे ती एफ ५.६ च्या वर उघडत नाही. काच कितीही लांब बघणारी असली तरी तिला आधी दिसलं पाहिजे.

गजरे ओवत बसलेल्या एक बाई होत्या. मी दोन फोटो काढल्यावर मान वर न करता म्हणाल्या, "फोटो काढला की माल घ्यावा लागतो." दोन गजरे घेतले. मग त्यांनी मान वर केली आणि तिसरा फोटो झाला. पहिले दोन मी पुसून टाकले. ३५ ने फोटो काढायचा तर बोलण्याच्या अंतरावर उभं राहावं लागतं, त्यामुळे बोलणं होतंच. हे मला आधी अडचणीचं वाटायचं. कोल्हापुरात मी रंकाळ्यावर पाणीपुरीवाल्याचे फोटोसुद्धा टेलीने काढायचो, बाकावर बसून, हेरगिरी केल्यासारखे.

परतताना मेगाब्लॉक. त्याविषयी लिहित नाही.

दुपारी मावशीच्या मागच्या खोताच्या वाडीत तासभर. लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, रंगीत सज्जे, आणि गल्ली इतकी अरुंद की समोरच्या भिंतीला पाठ लावूनही घर चौकटीत मावत नाही. वाइडचं खरं काम इथे होतं आणि ते तिने चोख केलं. घरं राहती आहेत, खिडकीत माणसं दुपारची झोपलेली असतात, तेव्हा गल्लीतून जेवढं दिसलं तेवढंच.

संध्याकाळी मावशीसमोर यादीचा कागद काढला आणि मागे नवीन लिहायला बसलो. काय दिसणार आहे हे खोडलं. किती मागे सरकता येणार आहे, हे लिहिलं. सीएसएमटी: रस्त्याएवढं. ओव्हल: हवं तेवढं. दादर: मीटर. खोताची वाडी: शून्य.

मावशी म्हणाली, "घारापुरी लिही की. उद्या जातोयस ना?"

"उद्या सोमवार. बंद असतं."

सोमवार, बोरा बाजार आणि शिवडी

झाकणासाठी फोर्टात बोरा बाजारला गेलो. कॅमेऱ्याची दुकानं, दुरुस्तीवाले, भाड्याने लेन्स देणारे, सगळे तिथे एकमेकांना चिकटून. झाकण मिळालं, किरकोळ पैशांत. पण दुकानदाराला मी शिवडीला फ्लेमिंगो बघायला जातोय हे सांगण्याचा मूर्खपणा केला. "तीनशे घेऊन?" तो असं म्हणाला की जणू मी पंगतीला चमचा घेऊन निघालोय. त्याने १५०-६०० काढून माझ्या हातात दिली, दिवसाच्या भाड्याने. वजन दोन किलोच्या आसपास. धरली, डोळा लावला, समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या टॉवेलवरचं नाव वाचलं. मोह झाला. खांद्याने नाही म्हटलं.

त्याच कपाटात खालच्या फळीवर एक जुना रोलिफ्लेक्स होता, दोन डोळ्यांचा, छातीशी धरून वरून वाकून बघायचा. लेन्स बदलायची सोयच नाही. ७५ किंवा ८० मिलिमीटरची एकच, पण सहा बाय सहा सेंटीमीटरच्या फिल्मवर ती साधारण फुल फ्रेमच्या ५० सारखी दिसते, म्हणजे माझ्या ३५ सारखी. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला असाच रोलिफ्लेक्स वापरायच्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, स्वातंत्र्याच्या काळातले त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. साडी नेसून, सायकलवर, तो डबा गळ्यात. त्यांना जवळचं हवं असेल तर जवळ जावं लागे, एवढाच त्यांचा झूम. दुकानदाराने काच पुसली. मी किंमत विचारली नाही. विचारली असती तर गूळ सोडून सगळं विकावं लागलं असतं.

हार्बरने शिवडी. भरतीची वेळ बघून जायचं असतं, कारण ओहोटीला पक्षी चिखलात लांब पसरलेले असतात आणि पाणी चढायला लागलं की ते किनाऱ्याकडे सरकतात. मी वेळ बघितली होती. मुंबईच्या सोमवारने ती मोडली. पोचलो तेव्हा पाणी नुकतंच चढायला लागलं होतं, पक्षी अंदाजे दीडशे मीटरवर, एक गुलाबी रेघ.

मोठा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण सव्वा मीटर उंच धरा. दीडशे मीटरवरून तीनशेच्या लेन्सने सेन्सरवर त्याची उंची येते अडीच मिलिमीटर. माझ्या आडव्या चौकटीची उंची सोळाला थोडी कमी. म्हणजे पक्षी चौकटीच्या सहाव्या हिश्श्याएवढाही नाही. सहाशेची आणली असती तर तिसरा हिस्सा. दुकानदाराचं म्हणणं त्या क्षणी पटलं. पण शेजारी एकजण खरोखरच सहाशेची लेन्स ट्रायपॉडवर लावून उभा होता, त्याने मला त्याच्या स्क्रीनवर दाखवलं. पक्षी मोठा होता आणि उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा थरथरत होता. तापलेल्या चिखलावरची हवा. तिच्यापुढे सहाशेही हतबल, उलट ती थरथरही मोठी होऊन दिसते. "सकाळी यायला पाहिजे," तो म्हणाला. "मी रोज हेच म्हणतो," असंही म्हणाला.

इथे चिखलच ठरवतो तुम्ही कुठे उभं राहायचं. पुढे एक पाऊल टाकता येत नाही. मग मी जे होतं ते घेतलं. टेली ७० वर आणली. वर अटल सेतू, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला, जवळपास बावीस किलोमीटर, इथूनच समुद्रात निघतो. खाली खारफुटी, चिखल, गंजलेली होडी आणि मधून ती गुलाबी रेघ. पक्षी तांदळाच्या दाण्याएवढे. मावशीने रात्री हा फोटो बघून विचारलं, "हे गुलाबी काय आहे?" एवढं विचारलं म्हणजे दिसलं तर खरं.

मंगळवार, घारापुरी

सकाळी बॅगेतून ट्रायपॉड, टेली आणि वाइड काढून मावशीच्या पलंगाखाली सरकवलं. ३५ आणि ५० फक्त. हे मी काही शहाणपणाने केलं नाही, डावा खांदा वर होत नव्हता. वाइड काढताना हात जड झाला, लेण्यात वाइड नाही म्हणजे वेडेपणाच.

गेटवेहून लाँच, तासभर. वर चढायच्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, कणसं आणि माकडं. एका माकडाने माझ्यासमोर एकाच्या हातातली थंड पेयाची बाटली घेतली, झाकण फिरवून उघडली आणि प्यायली.

आत गेल्यावर दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग खांब दिसायला लागतात आणि खांबांच्या शेवटी, दक्षिणेच्या भिंतीत, महेशमूर्ती, तीन चेहऱ्यांचा शिव. सुमारे वीस फूट उंच, साधारण दीड हजार वर्षांची. तिच्यापुढे सगळे जवळ जाऊन मोबाइल वर करतात. मीही गेलो. जवळून मधला चेहरा पुढे येतो, हनुवटी जड होते आणि बाजूचे दोन चेहरे, अघोर आणि वामदेव, मागे पळतात, अघोराचा सर्प आणि वामदेवाचं कमळ कडेला वळून बसतं. हीच ती मावशीच्या हातातली ढेप.

वळून बघितलं. मुख्य दार उत्तरेला आहे, बरोबर मूर्तीच्या समोर. म्हणजे मूर्तीपासून दारापर्यंत खांबांमधून सरळ मोकळी वाट, मंडपाच्या पूर्ण लांबीची. मुंबईत आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणीतरी इतकी जागा देत होतं, तीही खडक खोदून. मागे सरकत गेलो. दर दहा पावलांनी थांबून बघत होतो. चेहरे हळूहळू एकमेकांच्या बरोबरीला येत होते. दारापाशी पोचलो तेव्हा तिन्ही सारखे भारदस्त, शांत, खांबांच्या दोन रांगांच्या शेवटी. ५० लावली. खांब चौकटीच्या दोन्ही कडांना आले, मूर्ती मध्ये. खांबाला खांदा टेकून, श्वास धरून, एफ २ वर, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) सोळाशे. मध्ये सतत माणसं. अर्धा तास थांबलो. एक शाळेची सहल गेली, एका कुटुंबाने आजीला मूर्तीसमोर उभं केलं, मग काही क्षण कुणीच नव्हतं.

घडवणाऱ्यांनी ही मूर्ती कुठून बघावी असं ठरवलं असेल हे मी सांगू शकत नाही. पण दारातून आत येणाऱ्याला ती आधी तिथूनच दिसते, एवढं नक्की. वाइड बरोबर असती तर मी पुढेच उभा राहिलो असतो.

लाँचवर परतताना मेमरी कार्ड चाळलं. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर फोकल लेंग्थ लिहून ठेवतो. ठेवण्यासारखे चोपन्न फोटो. त्यातले एकतीस ३५ चे. वाइडचे आठ, त्यातले सहा खोताच्या वाडीतले. ५० चे नऊ. टेलीचे सहा. ट्रायपॉड चार दिवसांत एकदाही उघडला नव्हता, त्याचा उल्लेख बायकोला करायचा नाही असं ठरवलं.

बुधवार, गिरगाव

गाडी संध्याकाळची. सकाळी सामान आवरलं, मावशीने गुळाच्या बदल्यात आंब्यांची पेटी बांधली, म्हणजे जाताना वजन येतानापेक्षा जास्तच. शनिवारचा मावशीचा फोटो राहून गेला होता. तिने परत हात धरून खोलीत बसवायला सुरुवात केली, मी म्हटलं थांब.

चाळीला मधे चौक आहे. तिच्या दारासमोरची गॅलरी, मग चौकाची मोकळी हवा, पलीकडे समोरच्यांची गॅलरी. जिना उतरून, चौक ओलांडून, पलीकडच्या जिन्याने वर गेलो. समोरच्या काकूंनी दार उघडं ठेवून विचारलं, "काय रे, काही पडलं का?" मधलं अंतर दहा मीटर असेल. ५० लावली. मावशी डोक्यापासून पायापर्यंत, कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल, तुळशीचा डबा, मागे अंधाऱ्या खोलीत कपाटाचा आरसा, सगळं जिथल्या तिथे. हात हाताएवढा.

दादरचा गजरा तिने घातला होता. कठड्यावर दोन्ही हात टेकून ती माझ्याकडे, म्हणजे लेन्सकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी अजून एक, अजून एक करत होतो.

"झालं का रे?" ती चौकावरून ओरडली. "दूध ठेवलंय गॅसवर."